हातातली मान

"एका झटक्यात होतंय का न्हाई, तेवढंच सांगा."

असं म्हणून अंकुश राऊतनं आपले दोन्ही हात पुढं करून दाखवले.

समोर गादीवर त्याची मुलगी निजली होती. तीन महिन्यांची. नाव ईश्वरी. डोकं उजव्या खांद्याकडं कललेलं, हनुवटी डावीकडं वळलेली. शेजारच्या घरातून कुणीतरी हळू आवाजात काही सांगतंय आणि ती कान देऊन ऐकतेय, असं तिच्याकडं बघून वाटायचं.

मुलाणी चाचा अंकुशच्या हातांकडं बघत राहिले.

चाचांनी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात चाळीस वर्षं लहान मुलांना व्यायाम दिले होते. निवृत्त झाल्यावर ते लोणंदला, आपल्या गावी परत आले. तिथल्या धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते सोमवारी आणि गुरुवारी बसत. खोलीत एक जाड गादी, एक उभा आरसा आणि एक भलामोठा रबरी चेंडू. बाकी काही नाही. गाव त्यांना डॉक्टर म्हणत नसे, चाचाच म्हणे.

अंकुशचं बाजारपेठेत कटिंगचं दुकान होतं. वस्तरा तर तो चांगला चालवायचाच, पण त्याचं नाव झालं होतं ते मानेमुळं. कांद्याचे ट्रक घेऊन आलेले ड्रायव्हर दाढीच्या निमित्तानं त्याच्या खुर्चीत बसत, ते खरं तर मान मोडून घ्यायला. एक तळवा हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं... आणि कट्ट. आवाज रस्त्यापर्यंत जायचा. ड्रायव्हर डोळे मिटून म्हणायचा, "जिवंत झालो बघा."

"आजवर किती माना मोडल्या असतील?" चाचांनी विचारलं.

"मोजल्या न्हाईत चाचा. वीस वर्षं झाली. एकाला कधी काही झालं न्हाई."

"त्यातल्या वाकड्या किती होत्या?"

अंकुशनं बायकोकडं बघितलं. सारिका भिंतीला टेकून बसली होती. तिनं नजर खाली वळवली.

"वाकडी... तशी कुठली न्हवती," तो म्हणाला.

चाचांनी मान डोलावली आणि गादीवर मांडी घातली.

लग्नानंतर आठ वर्षांनी ईश्वरी झाली होती. तिची मान पहिल्यांदा सारिकाच्या ध्यानात आली. बाळ एकाच बाजूला नीट प्यायचं. दुसऱ्या बाजूला घेतलं की वळवळायचं, रडायचं. उजवीकडच्या मानेच्या घडीत दूध साचून कातडी लाल व्हायची. एक दिवस ती घडी पुसताना तिच्या बोटाला सुपारीएवढी गाठ लागली.

बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून घेतली. हाडं ठीक होती. मानेचा एक स्नायू आखडून त्याला गाठ आली होती. "वेळेत आलात," ते म्हणाले. "व्यायामानं बहुतेक मुलं बरी होतात. नाहीच सुटली, तर वर्षानंतर ऑपरेशनचा विचार करू."

सारिकाला पहिलं वाक्य ऐकू आलं होतं. अंकुशला शेवटचं.

"बघा," चाचा म्हणाले.

त्यांनी एक तळवा बाळाच्या खांद्यावर ठेवला, खांदा गादीवरून उचलू नये म्हणून. दुसरा डोक्याखाली सरकवला. मग ते बाळाशी काहीतरी पुटपुटत राहिले आणि हनुवटी उजव्या खांद्याकडं जाऊ लागली. ती कधी निघाली आणि कधी थांबली ते अंकुशला कळलं नाही. चाचांनी मनात तीसपर्यंत आकडे मोजले, हात सैल केले. बाळ त्यांच्या दाढीकडं बघत होतं.

"आता डावा कान डाव्या खांद्याकडं. असंच. दिवसातून पाच-सहा वेळा. लंगोट बदलताना, मालीश करताना, जमेल तेव्हा."

"बास?"

"बास."

"मी करतो," अंकुश म्हणाला आणि पुढं सरसावला.

त्याचा हात लागला तशी ईश्वरीनं टाहो फोडला.

"सोडा," चाचा म्हणाले.

"थोडं रडणारच की. ताण बसल्याशिवाय..."

"सोडा."

अंकुशनं सोडलं. पण ते त्याला पटलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं सगळं आपल्याकडं घेतलं. सारिकाला म्हणाला, "तुझे हात कच्चे आहेत. हे माझं काम आहे." सकाळी दुकान उघडायच्या आधी, दुपारी जेवायला आल्यावर, संध्याकाळी दुकान झाडून झाल्यावर. एक दिवस चुकवला नाही. एका बैठकीला चाचांनी दहा वेळा मान वळवायला सांगितली तर तो वीस वेळा वळवायचा. चाचांनी सांगितलं होतं, रडली की थांबा. तो म्हणायचा, रडून रडून सवय होईल.

सवय झाली, पण ती दुसरीच.

पंधरा दिवसांत ईश्वरी बापाला ओळखायला लागली. आईकडं बघून हसायची. शेजारची म्हातारी आली तरी हसायची. अंकुश उंबऱ्यात दिसला की तिचे ओठ थरथरायला लागत. खांदे वर चढत, मुठी आवळत, आणि आखडलेला स्नायू दोरीसारखा ताठ व्हायचा. हात लावायच्या आधीच.

सारिकानं एकदा म्हणून बघितलं, "अहो, जरा मला करू द्या ना."

"तू लाड करतीस. लाडानं मान सुटत न्हाई."

पुढच्या बुधवारी दुपारी तो जेवायला आला. सारिका मागं धुणं धूत होती. त्यानं ईश्वरीला मांडीवर घेतलं. ती रडतच होती. त्यानं हनुवटी उजवीकडं न्यायला बघितली. ती हलेना. पुन्हा बघितली. पोरीचं तोंड लालबुंद झालं.

त्याच्या मनात आलं, एवढंसं तर आहे. वीस वर्षं जे जमलंय, ते आपल्याच लेकरासाठी जमणार नाही?

त्यानं डावा तळवा तिच्या हनुवटीखाली ठेवला. उजवा डोक्यामागं.

दोन तळव्यांत तिचं अख्खं डोकं मावलं. कान, गाल, टाळू, सगळं. हातांना पुढचं ठाऊक होतं. त्यांना सांगावं लागत नव्हतं.

"अहो."

सारिका दारात उभी होती. हातांतून पाणी ठिबकत होतं. ती ओरडली नाही, पुढंही आली नाही.

"अहो... हात काढा."

त्यानं हात काढले.

तिनं येऊन बाळ उचललं आणि आतल्या खोलीत गेली. ताट वाढलेलं तसंच राहिलं. अंकुश दुकानात जाऊन बसला. तासाभरानं एक ओळखीचा ड्रायव्हर आला. दाढी झाल्यावर त्यानं सवयीनं मान ढिली सोडली.

"आज नको," अंकुश म्हणाला. "हात दुखतोय."

गुरुवारी ते तिघं चाचांकडं गेले. चाचांनी बाळाची मान बघितली. गाठ तेवढीच होती. मान पहिल्यापेक्षा जास्त ताठ होती. त्यांनी अंकुशकडं नुसतं बघितलं.

"दुसरा काहीतरी व्यायाम द्या चाचा," अंकुश म्हणाला. "ह्यानं फरक न्हाई. मी एक दिवस खाडा केला न्हाई. ही सांगंल."

सारिकानं सांगितलं नाही. ती बाळाच्या पायातला मोजा सारखा करत राहिली.

चाचा गप्पच. त्या गप्पपणात अंकुशला बसवेना. शेवटी त्याच्याच तोंडून निघालं.

"काल मी तिच्या हनुवटीखाली हात ठेवला."

"कसा?"

"दुकानात ठेवतो तसा... दोन्ही हात."

"मग?"

"दाबला न्हाई."

"का?"

"हिनं हाक मारली."

"तिनं हाक मारली नसती तर?"

बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी नंबर पुकारला. कुणीतरी उठलं, चपला वाजल्या, दार लागलं.

"ठाऊक न्हाई," अंकुश म्हणाला. वीस वर्षांत हातांबद्दल त्याला ठाऊक नाही असं काही नव्हतं.

तो वाट बघत होता. चाचा आता बोलतील. बोलावंच त्यांनी. घालूनपाडून बोलावं, खोलीबाहेर काढावं.

चाचांनी आपल्या दाढीवरून हात फिरवला.

"दाढी फार वाढलीय," ते म्हणाले. "उद्या दुकानात येतो."

"आणि व्यायाम?"

"उद्यापर्यंत सारिका करेल."

शुक्रवारी सकाळी चाचा आले. अंकुशनं खुर्ची दोनदा पुसली. स्वच्छ कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. कात्री घेतली, कंगवा घेतला.

चाचा डोळे मिटून बसले. दाढी पांढरीशुभ्र, विरळ, कडेला वेडीवाकडी वाढलेली. अंकुशनं आधी डावी बाजू उतरवली, मग उजवी. गळ्याखालचे केस वस्तऱ्यानं साफ करताना तो नेहमीसारखा श्वास रोखून होता. मिशी ओठांवर येत होती ती सारखी केली. मागं सरून आरशात बघितलं, कानाजवळ एक केस राहिला होता तो काढला. काम करताना परवापासूनचं सगळं तो विसरला. हात पुन्हा त्याचे झाले. तुरटी फिरवली, टॉवेलनं पुसलं.

"झालं चाचा."

चाचांनी डोळे उघडले, पण ते उठले नाहीत.

"मान राहिली."

"काय?"

"सगळ्यांची मोडता. माझी नको?"

अंकुश हसला. मग त्यानं आरशात चाचांचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू गेलं. चाचांनी मान ढिली सोडली होती.

त्यानं हात पुसले. डावा तळवा दाढीखाली ठेवला, उजवा डोक्यामागं. म्हाताऱ्याची मान बारीक होती. तळव्याखाली एक शीर उडत होती. टिक... टिक... टिक.

त्यानं हात काढले.

"तुमचं वय झालंय चाचा. झेपायचं न्हाई."

"किती वयापर्यंत झेपतं?"

"पन्नास. फार तर पंचावन्न."

"आणि किती वयापासून?"

अंकुश चाचांच्या गळ्याभोवतीचं कापड सोडायला लागला.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरून कांद्याच्या गोण्यांचा एक हातगाडा गेला. मग चाचांनी दुसरं विचारलं.

"दाढी करताना माझी मान किती वेळा फिरवलीत?"

"ध्यानात न्हाई."

"माझ्याही नाही. फिरवली कुणी? तुम्ही का मी?"

अंकुशनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. अंगठा आणि पहिलं बोट. हनुवटीला ती नुसती टेकवायची आणि गिऱ्हाईक वळतं. वर बघायचं असलं की वर बघतं. पाटील असो, फौजदार असो, कुणी आडमुठं असो. कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं आणि कधी कुणावर जोर लावावा लागला नव्हता.

"मी बोट टेकवलं," तो सावकाश म्हणाला. "वळला... तुम्हीच."

चाचा उठले. कॉलरवरचे केस झटकले, चपला घातल्या. दाराशी थांबून म्हणाले,

"आठ दिवस तिला हात लावू नका. व्यायाम सारिका करेल. तुम्ही फक्त पोरीच्या उजव्या बाजूला बसा."

"बसून काय करू?"

"ते तिला विचारा."

पहिल्या दिवशी अंकुश खुळखुळा घेऊन बसला. ईश्वरीनं डावीकडच्या भिंतीकडं बघत रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं शीळ घालून बघितली, टाळ्या वाजवून बघितल्या. ती रडली. तिसऱ्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही. हातभर लांब, भिंतीला पाठ लावून बसून राहिला. त्या दिवशी ती रडली नाही, पण वळलीही नाही. बापाच्या बाजूला जणू कुणी नव्हतंच.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला दुकानाला उशीर होत होता आणि दाढी राहिली होती. बसायचं तर होतंच. त्यानं छोटा आरसा, वाटीत पाणी, साबण आणि ब्रश घेतला आणि तिच्या उजव्या बाजूला फतकल मारली. ब्रश वाटीत घोळवला. गालावर फेस चढायला लागला.

फसफस... फसफस.

ईश्वरीचं हातपाय झाडणं थांबलं.

अंकुश आरशात बघत होता, म्हणून त्याला लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा ब्रश हनुवटीवर होता. तिचे डोळे उजव्या कोपऱ्यात आले होते. अगदी कोपऱ्यात. अर्धं तोंड पांढरं झालेला हा माणूस तिला बघायचा होता आणि मान येऊ देत नव्हती.

त्यानं ब्रश दुसऱ्या गालावर नेला. तिचं नाक एवढंसं सरकलं. उजवीकडं.

मग ती अडली. डोळे ताणले गेले, कपाळाला आठी पडली. "अं," असा आवाज आला. आणखी बोटभर हवं होतं. अंकुशचा डावा हात उचलला गेला. बोटभरच तर ढकलायचं होतं...

त्यानं तो हात आपल्याच मांडीखाली दाबून धरला.

आणि फेस करत राहिला. गाल झाले, हनुवटी झाली, मिशीवर फेस आला, नाकाच्या शेंड्यावर आला. सारिका चहा घेऊन आली ती कप धरून दारातच उभी राहिली. नवऱ्याच्या तोंडावर कपाळापर्यंत फेस होता. लेकीची हनुवटी छातीच्या मध्यावर आली होती.

सारिकाला हसू फुटलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

"हसू नगंस," अंकुश ओठ न हलवता म्हणाला. "ती बघतीय."

त्यानंतर तो दिवसातून तीनदा दाढी करायला लागला. वस्तरा एकदाच, फेस तीनदा. गाल भाजल्यासारखे झाले. गिऱ्हाइकं विचारायची, "आरं, स्वतःच्याच तोंडाला काय केलंस?" तो म्हणायचा, "पोरीची शिकवणी चालू हाय."

आठ दिवसांनी चाचांनी त्याला परत हात लावू दिला.

"किती जोर?" अंकुशनं विचारलं.

चाचांनी आपली हनुवटी पुढं केली. अंकुशनं तिला दोन बोटं टेकवली. चाचा वळले.

"एवढा."

अंकुश गादीवर बसला. ईश्वरीनं त्याच्याकडं बघितलं. ओठ थरथरले... पण आवाज आला नाही. त्यानं एक तळवा खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हातानं डोकं नुसतं तोललं. ती वळली तेवढा तो बरोबर गेला. ती थांबली तिथं थांबला. सारिका शेजारी बसून आकडे मोजत होती. अठराव्या आकड्याला पोरीचा खांदा किंचित ताठरला. वस्तऱ्याखाली गिऱ्हाईक आवंढा गिळतं तेव्हा हात जसा आपोआप थांबतो, तसा अंकुशचा हात थांबला आणि सैल झाला.

"तीस झाले न्हाईत," सारिका म्हणाली.

"राहू दे," अंकुश म्हणाला.

चाचा खिडकीतून बाहेर बघत होते.

पुढचे महिने कष्टाचे गेले, पण घरात रडारड राहिली नाही. चाचा एकेक गोष्ट वाढवत गेले. पालथं निजवायचं आणि समोर आपण पालथं पडायचं. अंकुश दुपारच्या वेळी छातीखाली उशी घेऊन फरशीवर पडायचा आणि ईश्वरी त्याच्यासमोर कासवासारखी डोकं उचलायची. उचलून घेताना एका हातावर आडवं घ्यायचं, म्हणजे डोकं सावरायला तीच वर ओढते. सारिका तिला दोन्ही बाजूंना पाजायला लागली. आवडत्या बाजूला आधी, मग हळूच दुसरीकडं. एका अंगावर निजून डोक्याची मागची डावी बाजू चपटी झाली होती, तीही भरत आली.

आता व्यायाम सारिका जास्त करायची. अंकुशचा तिच्यावर भरवसा बसला होता. खरं म्हणजे तिचा त्याच्यावर बसला होता.

गाठ सुपारीची शेंगदाण्याएवढी झाली. मग चाचपून शोधावी लागू लागली. सातव्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांनी मान तपासली आणि ऑपरेशनचं नाव काढलं नाही. सारिकानंच विचारलं. "कशाला?" ते म्हणाले.

अंकुशनं माना मोडायचं सोडून दिलं. ड्रायव्हर कुरकुरले. एक-दोघं समोरच्या दुकानात गेले. बाकीचे येत राहिले, कारण वस्तरा तोच होता. कुणी फारच हट्ट धरला तर अंकुश त्याच्या हनुवटीला दोन बोटं टेकवायचा आणि म्हणायचा, "तुमची मान हाय. तुम्हीच फिरवा."

ईश्वरी दहा महिन्यांची झाली तेव्हाचा एक सोमवार.

चाचांच्या खोलीत नीरेहून आलेलं एक जोडपं बसलं होतं. मांडीवर दोन महिन्यांचा मुलगा, मान कललेली. बाप तरणाताठा, दुधाच्या टँकरवर कामाला. तो चाचांना सारखा विचारत होता, किती दिवस, नक्की किती दिवस?

चाचांनी त्याला थांबायची खूण केली आणि ईश्वरीला गादीवर घेतलं. समोरून बघितलं, मागून बघितलं. आरशापुढं बसवून बघितलं. मान डावीकडं गेली, उजवीकडं गेली. दोन्हीकडं सारखी. खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला एका बाजूला कलवलं. डोकं सरळ उभं राहिलं. दुसऱ्या बाजूला कलवलं. तरी सरळ.

"झालं," चाचा म्हणाले.

सारिकानं पदर डोळ्यांना लावला.

अंकुशची छाती दोन बोटं पुढं आली. तो नीरेच्या माणसाजवळ सरकला.

"घाबरू नगा पाव्हणं. माझी ह्याहून जास्त वाकडी होती. मी स्वतः केलं सगळं. म्हणजे... हिनं केलं, मी होतो. एक सांगतो, जोर लावायचा न्हाई. नुसतं उजव्या अंगाला बसायचं. आता बघा तुम्ही. मी नुसती हाक मारतो. बघा कशी गर्रकन वळती."

तो ईश्वरीच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवा बसला.

ईश्वरी गादीच्या मधोमध बसली होती. तिच्या डाव्या हाताला नीरेची बाई होती. बाईच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. मुलाला थोपटताना त्या किणकिणत होत्या.

"ईशू!"

ईश्वरी बांगड्यांकडं बघत होती.

"ईशू बाळा... इकडं. इकडं बघ."

बांगड्या किणकिणल्या. तिनं त्या धरायला हात लांबवला.

अंकुशनं चुटकी वाजवली, शीळ घातली. दोन्ही गाल फुगवून गालावर बोटं घोळवली, फेस लावल्यासारखी. खोलीतले सगळे त्याच्याकडं बघत होते. ईश्वरी सोडून.

नीरेच्या माणसानं अंकुशकडं बघितलं. मग आपल्या मुलाच्या मानेकडं बघितलं.

अंकुशची बोटं गालावरच थांबली. डावीकडं. ती डावीकडंच बघत होती. पहिल्यासारखी.

"चाचा..." तो हलक्या आवाजात म्हणाला. "चाचा, ती बघत न्हाई."

"हो," मुलाणी चाचा म्हणाले आणि त्यांनी नीरेच्या बाळाला आपल्या मांडीवर घेतलं. "आता तिला न बघणंही जमायला लागलंय."